आधी काही ऑपरेशन झालंय का?

जानेवारीत मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर शोधत बसायचे की पूर्वी रेडिएशन झालेल्या पेशंटला पुन्हा कॅन्सर निघाला तर तपासण्या कशा होतात, असं काही मराठीत कोणी लिहिलंय का. जे सापडायचं ते एकतर इंग्रजीत, नाहीतर "घाबरू नका, मन प्रसन्न ठेवा" छापाचं. आता थोडी उसंत मिळालीय म्हणून लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, बँकेत काउंटरवर बसते, त्यामुळे आमच्याकडे काय झालं तेवढंच सांगणार. तुमच्या पेशंटचं वेगळं असेल.

आधी मागचं. २००३ साली आईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. ती ४५ वर्षांची, मी बारावीला, आम्ही बदलापूरला राहायचो. तेव्हा ऑपरेशन झालं नाही, मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पाच आठवडे शेक (म्हणजे रेडिएशन) दिले, आमच्याकडे सगळे "लाईट घेते" असंच म्हणायचे, आणि शेवटी आतून पण रेडिएशन दिलं. ती बरी झाली. पाच वर्षं चेकअपला जायची, मग तेही थांबलं, आणि घरात तो विषय निघणंच बंद झालं. गंमत म्हणजे अर्ध्या नातेवाइकांना वाटायचं तिची पिशवी काढलीय. मलाही खूप वर्षं तसंच वाटायचं. पिशवी होती, जागच्या जागी.

यंदा संक्रांतीला वड्या थापायला खाली बसली आणि तिला उठताच येईना. कंबर धरली होती, ओटीपोट जड वाटतं म्हणाली. मी म्हटलं वय झालं, ६७ आता. मग दोन दिवसांनी स्वयंपाक करता करता सहज म्हणाली की दिवाळीच्या सुमाराला कपड्याला एकदा तपकिरी डाग दिसला होता. "अगं रुपयाएवढा होता." दोन महिने रुपयाएवढा डाग पोटात ठेवून फिरत होती बाई.

ठाण्याला नौपाड्यात आमच्या ओळखीच्या गायनॅक मॅडम आहेत. त्यांनी सांगितलं की पाळी गेल्यावर एक डाग जरी पडला तरी तो बघायचाच, रुपयाएवढा असो की चवलीएवढा. २० जानेवारीला सोनोग्राफी, १,४०० रुपये. इथे पहिली अडचण, पोटावरून करायला लघवी साठवून ठेवावी लागते आणि शेक घेतल्यापासून आईला लघवी धरवतच नाही, अर्धा लिटर पाणी प्यायली की धावली. खालून करायचा प्रयत्न केला तर शेकामुळे ती जागा आक्रसलेली, दुखायला लागलं, मॅडमनी लगेच थांबवलं. हे आधीच सांगून ठेवा, लाजू नका, म्हणजे ते जबरदस्ती करत नाहीत आणि लघवी जेवढी धरवेल तेवढ्यात नंबर लावून घेतात.

रिपोर्टमध्ये आलं की पिशवीत द्रव साठलाय, अस्तर जाड आहे आणि एका बाजूला गाठीसारखं काहीतरी. मॅडमनी कागदावर पिशवीचं चित्र काढून तोंडापाशी फुली मारली. म्हणाल्या रेडिएशननंतर बऱ्याच जणींचं पिशवीचं तोंड आकसून चिकटतं. मग आत रक्त आलं तरी बाहेर पडायला वाट नाही. बाकी बायकांना अंगावरून जायला लागतं आणि त्या घाबरून डॉक्टरकडे येतात, यांना ती सूचनाच मिळत नाही, नळ बंद आणि टाकी भरतेय. रुपयाएवढा डाग कसा काय निसटून आला ते त्या टाकीलाच माहीत.

मी विचारलं मग तुकडा काढून तपासा ना लगेच. तर म्हणाल्या बंद तोंडातून नळी घालायची म्हणजे भूल लागेल, आणि शेकलेली भिंत पातळ असते, आंधळेपणाने गेलो तर भोक पडायची भीती. आधी एमआरआय करू, वाट कुठून आहे ते बघू.

एमआरआय २८ जानेवारीला, मंगळवारी, घोडबंदर रोडवरच्या एका सेंटरमध्ये. पोटाच्या खालच्या भागाचा, कॉन्ट्रास्टसकट (फोटो नीट दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते औषध), ९,५०० रुपये. कॉन्ट्रास्ट द्यायचा म्हणून आधी क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट मागतात, २५० रुपये, तो आदल्या दिवशीच करून ठेवा, नाहीतर तिथे रक्त देऊन दोन तास बसावं लागतं. चार तास उपाशी. धातू सगळा काढायचा, मंगळसूत्र, बांगड्या, केसातल्या पिना, परकराला लावलेली सेफ्टी पिन सुद्धा. जोडवी निघेचनात, ४८ वर्षांत कधी काढलीच नव्हती, शेवटी बाथरूममध्ये साबण लावून काढली आणि आई त्यावर गप्पच झाली. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी तिने जोडवी ठेवली होती, मंगळसूत्र पण. मी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली.

मग फॉर्म. पेसमेकर आहे का, डोळ्यात धातूचा कण गेलाय का, अंगावर टॅटू आहे का (हातावरचं गोंदण दाखवलं, तिथला मुलगा म्हणाला चालेल, गरम लागलं तर सांगा), आणि "आधी काही ऑपरेशन झालंय का?" मी लिहिलं "नाही". खरंच नव्हतं झालं. फॉर्मवर शेकाचा रकानाच नव्हता, कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ह्या एका "नाही"ने आमचा महिना खाल्ला.

मशीनमध्ये ३५-४० मिनिटं गेली. आतडी हलू नयेत म्हणून आधी एक इंजेक्शन देतात, त्याने तोंड कोरडं पडतं. कानात बोळे घालूनही आवाज भयंकर. आई बाहेर येऊन म्हणाली, "आपल्या चाळीत बोअर मारत होते ना, तसंच." हातात एक रबरी फुगा देतात, फार घाबरायला झालं तर दाबायचा. तिने तो दाबला नाही पण सोडलाही नाही, मुलाला बोटं उघडून काढून घ्यावा लागला.

३० तारखेला रिपोर्ट आला. पिशवीत गाठ, कॅन्सरचीच असावी अशी, आणि खाली अजून एक ओळ, सेक्रमच्या दोन्ही बाजूंना हाडात बदल, मेटास्टॅसिस नाकारता येत नाही. सेक्रम म्हणजे कंबरेखालचं माकडहाडाच्या वरचं हाड. मेटास्टॅसिस म्हणजे कॅन्सर दुसरीकडे पसरणं, हा शब्द मला कळत होता. हाडात गेला म्हणजे चौथी स्टेज. आईला मी फक्त पहिला भाग सांगितला.

१ फेब्रुवारीला कॅन्सर सर्जनकडे. आमच्याकडे कॅन्सर म्हटलं की लोक एका दमात परळ किंवा खारघरचं टाटा म्हणतात, आम्ही मेडिक्लेम आहे म्हणून ठाण्यातल्याच एका प्रायव्हेट हॉस्पिटलात गेलो. सर्जननी रिपोर्ट वाचायच्या आधी आईला झोपवून पोट बघितलं आणि विचारलं, "हे ठिपके कसले?" ओटीपोटावर चार कोपऱ्यांत चार निळे बारीक ठिपके. मला आयुष्यात कधी दिसले नव्हते. आई म्हणाली, "लाईटवाल्यांनी शाईने टोचले होते, रोज त्याच जागी यावं म्हणून." मग डॉक्टरांनी एमआरआयचा रिपोर्ट परत उघडला आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं, तिथे लिहिलं होतं की पूर्वी ऑपरेशन नाही. बस, एवढंच. "ज्यांनी हा वाचला त्यांना रेडिएशन झालंय हेच माहीत नव्हतं."

म्हणाले शेकलेल्या भागाचे फोटो वेगळे दिसतात. शेकाच्या पट्ट्यातल्या हाडांमध्ये मगज जाऊन चरबी येते, हाड ठिसूळ होतं. पिशवीच्या भिंतीचे जे थर एमआरआयमध्ये वेगवेगळे दिसायला हवेत ते एकजीव होतात, त्यामुळे गाठ भिंतीत अर्ध्याच्या आत आहे की पलीकडे गेलीय हे मोजणंही कठीण. जुनी चट्ट्यासारखी जागा कुठली आणि नवी गाठ कुठली हे कळायला किती डोस, कुठे, कधी हे माहीत पाहिजे. "पेट स्कॅन करून घ्या आणि जुने कागद आणा."

जुने कागद. २६ जुलै २००५ ला बदलापूरला आमच्या तळमजल्याच्या घरात छातीएवढं पाणी होतं. फाईल लोखंडी पेटीत, पेटी पाण्यात. उरलं होतं ते देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेलं हॉस्पिटलचं कार्ड, त्यावरच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे पुसलेले. ३ फेब्रुवारीला मी रजा टाकून मुंबईला गेले. रेकॉर्ड विभागात अर्ज, आईचं आधार, माझं आधार, आणि आईने सही केलेलं पत्र की माझ्या मुलीला माहिती द्या. हे पत्र माझ्याकडे नव्हतं. ७ तारखेला पत्र घेऊन परत. नावाने शोधलं तर सापडेना, मग तिथल्याच एका काकांनी विचारलं, "तेव्हा नाव कसं लिहायच्या?" आईच्या नावात इंग्रजीत एक अक्षर जास्त लिहिलं होतं तेव्हा. १४ तारखेला कॉपी मिळाली, १०० रुपये भरून. एक पान. कोबाल्ट मशीन, ५० ग्रे (ग्रे म्हणजे शेकाचा डोस मोजायचं माप), २५ वेळा, त्यानंतर आतलं रेडिएशन, आणि कुठल्या मणक्यापासून कुठपर्यंत ते. बायोप्सीत कॅन्सरची जात स्क्वेमस. तुमच्याकडे असे जुने कागद असतील तर आजच फोटो काढून स्वतःला मेल करून ठेवा.

मधल्या काळात पेट. हे सेंटर वाशीला, १६,००० रुपये. यात साखरेसारखं एक रेडिओअॅक्टिव्ह औषध शिरेतून देतात, जिथे पेशी जास्त साखर खातात ती जागा चमकते. औषधाची ताकद दर दोन तासांनी जवळजवळ निम्मी होते, ते सकाळीच बनून येतं, म्हणून दिलेली वेळ म्हणजे वेळ, तिथे आपला "ट्रॅफिक होतं हो" चालत नाही. ६ फेब्रुवारीला सकाळी साडेसातची वेळ. आम्ही पावणेसहाला निघालो, कळवा, विटावा, दिघा करत ठाणे-बेलापूर रोडने, वेळेत पोचलो, आणि आईची शुगर निघाली २१४. दोनशेच्या आत पाहिजे. डायबिटीसची गोळी ४८ तास आधी बंद करायला सांगितली होती, ती केली होती. पण आदल्या संध्याकाळी शेजारी सत्यनारायण होता आणि आईने प्रसादाचा शिरा खाल्ला होता. "प्रसादाला नाही कसं म्हणायचं?" मी गाडीत एक शब्द बोलले नाही, वाशीपासून ठाण्यापर्यंत. आता हसू येतं, तेव्हा नाही आलं. औषध दिलेलं नव्हतं म्हणून पैसे न घेता १० तारीख मिळाली. मधले दिवस शुगरच्या डॉक्टरांना विचारून नीट काढले, आदल्या रात्री फक्त पिठलं, पालेभाजी आणि अंडं, भात-पोळी काही नाही. सोमवारी १३२.

औषध दिल्यावर तासभर एका खोलीत एकटीला बसवतात, पांघरूण देतात कारण थंडीने कुडकुडलं तरी ते फोटोत दिसतं. मोबाईल नाही, बोलायचं नाही. आई रामरक्षा म्हणायला लागली तर बाहेरून माईकवर आवाज आला, "आजी, ओठ हलवू नका." बोललं की गळ्याचे स्नायू चमकतात म्हणे. स्कॅनच्या आधी लघवीला जाऊन यायचं, कारण ते औषध लघवीवाटे जातं आणि भरलेलं मूत्राशय इतकं चमकतं की शेजारची पिशवी नीट दिसत नाही. नंतर दिवसभर भरपूर पाणी, आणि गरोदर बाई आणि लहान मुलांपासून लांब. माझी वहिनी सातव्या महिन्यात, ऐरोलीला. परत येताना घर रस्त्यातच लागतं पण थांबता येईना, भाऊ खाली रस्त्यावर येऊन उभा होता, आईने काचेतून हात केला आणि गाडी पुढे गेली.

११ ला रिपोर्ट. पिशवीतली गाठ चमकतेय, लिंफ नोडमध्ये काही नाही, लिव्हर-फुप्फुस स्वच्छ. सेक्रमला दोन्ही बाजूंना सौम्य चमक, "मेटास्टॅसिस की रेडिएशनचा परिणाम, पूर्वीच्या उपचारांशी ताडून पाहावे". म्हणजे ना इकडे ना तिकडे. सर्जन म्हणाले पेट फक्त कॅन्सर दाखवत नाही, जिथे शरीर डागडुजी करतंय तिथेही चमक येते. हे ऐकून दिलासा मिळायला हवा होता, मला मिळाला नाही. मी रोज तिचं चालणं बघायचे, कंबर धरली की पोटात गोळा.

२० फेब्रुवारीला भूल देऊन, सोनोग्राफीत बघत बघत तोंड उघडलं. आत साठलेलं जुनं रक्त काढलं, तुकडा घेतला. संध्याकाळी घरी. त्या रात्री आई महिन्याभरात पहिल्यांदा कुशीवर झोपली, ओटीपोट हलकं झालं म्हणाली. मग रिपोर्टची वाट. महाशिवरात्रीला, २६ ला, कौपिनेश्वराला रांग बघून आम्ही बाहेरूनच हात जोडले. २८ ला रिपोर्ट आला, पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर, हाय ग्रेड, म्हणजे जोरात वाढणारा. जुना स्क्वेमस होता, हा त्या जातीचा नाही. म्हणजे जुना उलटलेला नाही, नवाच. विचित्र वाटेल पण आईला याचं बरं वाटलं, "तो बरा झाला होता ना मग."

४ मार्चला ट्यूमर बोर्ड. म्हणजे सर्जन, रेडिएशनवाले, किमोवाले, रेडिओलॉजिस्ट सगळे एकत्र बसून केस बघतात, पेशंटला शेवटी आत बोलावतात. जाताना फिल्म नेऊ नका, त्या नुसत्या मिरवायला, सीडी न्या, सेंटरवाल्यांकडून डायकॉम सीडी (मूळ फोटोंची) मागून घ्या. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी एमआरआय आणि पेट शेजारी शेजारी लावले, ते १४ तारखेचं एक पान हातात घेतलं आणि मला स्क्रीनजवळ बोलावलं. सेक्रमवरची चमक दोन उभ्या रेघा आणि मध्ये एक आडवी, अशी होती. "एच दिसतोय? याला होंडा साईन म्हणतात, होंडा गाडीवर असतो तसा." शेकाने ठिसूळ झालेल्या हाडाला वजनाने बारीक तडे जातात, ते असे दिसतात. कॅन्सर असा शिस्तीत एच काढून बसत नाही. आणि हे सगळं बरोबर त्या चार ठिपक्यांच्या पट्ट्याच्या आत, वरच्या मणक्यांना काही नाही. खात्रीसाठी ६ मार्चला त्या हाडाचा बारीक कापांचा सीटी केला, ३,८०० रुपये, त्यात तड्यांच्या रेघा स्वच्छ दिसल्या.

मी बाहेर येऊन लिफ्टच्या शेजारी रडले. आईला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं की महिनाभर आम्ही कशाला घाबरत होतो. ती म्हणाली, "मला माहीत होतं, तू रिपोर्ट वाचताना एक पान सोडत होतीस."

एक छोटी गोष्ट, एमआरआयच्या सेंटरला ते जुनं पान दाखवल्यावर त्यांनी पुरवणी रिपोर्ट दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. तो मागून घ्या, कारण इन्शुरन्सवाले आणि पुढचे डॉक्टर पहिलाच कागद वाचतात.

पिशवी काढायचं ऑपरेशन १८ मार्चला. शेकलेल्या जागी सगळं चिकटलेलं असतं म्हणून वेळ लागेल, लघवीच्या पिशवीला आतड्याला इजा होऊ शकते असं आधीच सांगून सही घेतली होती. साडेचार तास लागले, इजा झाली नाही. २७ ला अंतिम रिपोर्ट, गाठ भिंतीत अर्ध्याच्या आत, नोड स्वच्छ. त्याच भागाला परत शेक देणं अवघड म्हणून आणि हाय ग्रेड म्हणून किमो सुचवली, सहा. पाडव्याला आई घरी होती, गुढी भावाने उभारली, तिने खुर्चीत बसून सूचना दिल्या.

इन्शुरन्सचं सांगते कारण ते मला कोणी सांगितलं नव्हतं. नुसत्या तपासण्यांचे आमचे साधारण ३१ हजार गेले. ओपीडीतल्या तपासण्या सहसा मिळत नाहीत, पण अॅडमिट व्हायच्या आधीच्या ठरावीक दिवसांतल्या त्याच आजाराच्या तपासण्या मिळतात. आमच्या पॉलिसीत ३० दिवस. १८ मार्चपासून मागे मोजलं तर एमआरआय आणि पेट दोन्ही बाहेर. मी नाद सोडला होता, हॉस्पिटलच्या मेडिक्लेम डेस्कवरच्या मुलीने दाखवलं की २० फेब्रुवारीचं डे-केअर पण अॅडमिशनच आहे, त्यात साठलेलं रक्त काढलं, म्हणजे उपचार आहे, नुसती तपासणी नाही, डिस्चार्ज कार्डावर तसं लिहिलंय. तिथून मागे ३० दिवस म्हणजे २१ जानेवारी. एमआरआय, पेट दोन्ही आत आले. सोनोग्राफी २० ची. एका दिवसाने गेली, १,४०० रुपये. प्रत्येक बिलाला डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी लागते, एक नव्हती ती परत जाऊन आणली. तुमच्या पॉलिसीत दिवस किती ते आधी वाचा, कुठे ६० असतात.

हाडाच्या तड्यांना कॅल्शियम, डी व्हिटॅमिन आणि खाली बसणं बंद. वड्या आता ओट्यावर.

किमो ऑगस्टमध्ये संपली. ९ सप्टेंबरला फॉलोअपचा एमआरआय होता, त्याच सेंटरमध्ये. तोच फॉर्म, तोच प्रश्न, शेकाचा रकाना अजून नाही. मी समासात लाल पेनने लिहिलं, २००३, कोबाल्ट, ५० ग्रे, पेल्विस. आई शेजारी बसून जोडवी काढत होती, आता ती साबणाशिवाय निघतात. माझ्या खांद्यावरून फॉर्म वाचून म्हणाली, "ठिपके पण लिही."